मॉरिस मायनर की ट्रायम्फ हेराल्ड? उघड्या टपाची जुनी ब्रिटिश गाडी घेण्याआधी हे वाचा

अहिल्यानगरचं, म्हणजे आपल्या नगरचं, रणगाडा संग्रहालय पाहिलं असेल तर तिथली रोल्स-रॉइस तुमच्या लक्षात असेल. सगळीकडे रणगाडे आणि मध्येच एक रोल्स-रॉइस! पण ही राजेमहाराजांची चकचकीत गाडी नाही. ‘सिल्व्हर घोस्ट’ या मॉडेलच्या चासीवर चिलखती पत्रा आणि वर फिरता बुरुज बसवून केलेली ही लढाऊ गाडी आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी अशा गाड्या बनवायला सुरुवात केली.

हे त्यांना जमलं कसं? कारण त्या काळात गाडी म्हणजे खाली एक मजबूत चासी आणि वर वेगळी बॉडी. बॉडी उतरवा, दुसरी चढवा. खालच्या सांगाड्याला फरक पडत नाही.

ही गोष्ट डोक्यात ठेवा. कारण आज ज्या दोन गाड्यांची तुलना करायची आहे, त्यांचा सगळा निकाल याच मुद्द्यावर लागतो. एका गाडीला अशी वेगळी चासी आहे, दुसरीला नाही. आणि ‘ओरिजिनल कन्व्हर्टिबल आहे साहेब’ असं म्हणत कुणी तुम्हाला टप कापलेली गाडी दाखवत असेल, तर हा फरक फक्त पैशाचा राहत नाही, जिवाचाही होतो.

याच दोन गाड्या का?

उघडी ब्रिटिश गाडी म्हटलं की रील्समध्ये एमजी, जॅग्वार, ऑस्टिन-हीली दिसतात. दिसायला भारीच. पण त्यातल्या बहुतेक दोन सीटच्या, भारतात कमी आणि किमतीला आपल्या आवाक्याबाहेरच्या. मॉरिस मायनर आणि ट्रायम्फ हेराल्ड या मात्र साध्या नोकरदार माणसासाठी बनवलेल्या गाड्या. दोन्ही चार सीटच्या, दोन्हींचं स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे, दोन्ही कन्व्हर्टिबल रूपात कारखान्यातून बाहेर पडलेल्या. आणि दोघींची भारताशी जुनी ओळख आहे.

मायनरची भावंडं आपल्या घरातलीच. हिंदुस्तान मोटर्सने सुरुवातीच्या काळात मॉरिसच्याच गाड्या भारतीय नावांनी आणल्या. मायनर ‘बेबी हिंदुस्तान’ म्हणून आली. आपली अँबॅसडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डचा अवतार, तेव्हा मायनर तिची धाकटी बहीण म्हणायला हरकत नाही. गोल चाककमानी आणि फुगीर नाक बघा, नातं लगेच कळतं.

हेराल्डला इथे ‘स्टँडर्ड हेराल्ड’ म्हणायचे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने १९६१ पासून ती भारतात बनवली. अँबॅसडर, फियाट आणि हेराल्ड, एवढ्याच तिघींवर भारतीय मध्यमवर्गाची गाडीची स्वप्नं चालायची तो हा काळ. पुढे कंपनीने हेराल्डला चार दारं दिली. ब्रिटनमध्ये चार दारांची हेराल्ड कधीच विकली गेली नाही, ती खास आपली.

मायनर: मधोमध कापून रुंद केलेली गाडी

मॉरिस मायनर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट मोटर शोमध्ये आली. तिचा कर्ता अ‍ॅलेक इसिगोनिस, ज्याने पुढे १९५९ मध्ये ‘मिनी’ बनवली. मायनर जवळपास तयार झाली होती, तेव्हा त्याला ती अरुंद वाटली. त्याने नमुना गाडी उभी मधोमध कापून घेतली, दोन तुकडे थोडे लांब सरकवून पाहिले आणि शेवटी ४ इंच रुंदी वाढवली. बोनेटच्या मधोमध जो सपाट पट्टा दिसतो, तो या वाढीव चार इंचांचाच.

उघडं मॉडेल पहिल्या दिवसापासून होतं. तेव्हा त्याला ‘टूरर’ म्हणायचे आणि मागच्या बाजूला काचेऐवजी काढता येणारे पडदे असायचे. १९५१ मध्ये तिथे पक्क्या काचा आल्या आणि नाव ‘कन्व्हर्टिबल’ झालं. ही आवृत्ती १९६९ पर्यंत निघाली. इंजिन बदलत गेलं: आधी ९१८ सीसी, मग ८०३, १९५६ पासून ९४८ आणि १९६२ पासून १०९८ सीसी. चालवायला घेणार असाल तर शेवटची दोनच बघा. ८०३ सीसीवाली चढाला लागली की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव खातील.

सगळ्या प्रकारच्या मिळून १६ लाखांच्या आसपास मायनर बनल्या. दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी ही पहिली ब्रिटिश गाडी.

आता मुख्य मुद्दा. मायनर मोनोकॉक आहे. म्हणजे वेगळी चासी नाही. फरशी, दाराखालचे उंबरे, खांब, टप हे सगळं वेल्डिंगने जोडून एक डबा तयार होतो आणि तो डबाच गाडीचं वजन पेलतो. बुटाचा खोका आठवा. झाकण चिकटवलेलं असेल तर पिळला जात नाही, झाकण काढलं की लगेच वाकडा होतो. म्हणून कारखान्यात कन्व्हर्टिबल बनवताना मॉरिसने उंबरे, दाराचे खांब आणि डॅशबोर्डखालचा भाग यांना जास्तीचा पत्रा देऊन मजबुती दिली.

हेराल्ड: नाइलाजाने जुन्या वळणाची

हेराल्ड आली १९५९ मध्ये, मायनरनंतर ११ वर्षांनी. तरीही तिला वेगळी चासी! नवी गाडी आणि जुनी पद्धत, असं का?

कारण धंद्यातलं आहे. स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला बॉडी पुरवणारा ‘फिशर अँड लडलो’ हा कारखाना १९५३ मध्ये बीएमसीने विकत घेतला. बीएमसी म्हणजे मॉरिस आणि ऑस्टिन एकत्र येऊन झालेली कंपनी, थोडक्यात मायनरवालेच. प्रतिस्पर्ध्याच्या हातात आपल्या बॉडीचा पुरवठा गेला. अख्खी मोनोकॉक बॉडी एका ठिकाणी बनवून देईल असं कुणी उरलं नाही. मग ट्रायम्फने डोकं लावलं. खाली चासी घेतली आणि बॉडीचे वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी बनवून नट-बोल्टने वर जोडले. डिझाइन इटलीतल्या तुरीनच्या जोव्हानी मिकेलॉत्तीकडून करून घेतलं, म्हणून ती अजूनही ऐटदार दिसते.

या नाइलाजाचा कलेक्टर लोकांना आज भरपूर फायदा होतो. टपच बोल्टने बसवलेला असल्यामुळे ट्रायम्फला कन्व्हर्टिबल काढायला फार वेळ लागला नाही. १९६० मध्ये ती आली आणि १९७१ पर्यंत चालली. पुढचं बोनेट तर बोनेट नाहीच. मडगार्डसकट गाडीचं अख्खं नाक पुढच्या बाजूला उलटं उघडतं. फिटर चक्क पुढच्या टायरवर बसून इंजिनचं काम करू शकतो. वळण घ्यायला हिला लंडनच्या टॅक्सीइतकीच, म्हणजे सुमारे साडेसात मीटर व्यासाची जागा पुरते. कापड बाजारातल्या गल्लीत हे किती उपयोगाचं आहे, ते नगरकराला सांगायला नको.

इंजिन ९४८ सीसी, १९६१ पासून ११४७ आणि १९६७ च्या ‘१३/६०’ मॉडेलपासून १२९६ सीसी. शेवटचं ६१ हॉर्सपॉवरचं, तर मायनरचं १०९८ सीसी ४८ चं. फरक कागदावर छोटा वाटतो, चढावर चांगलाच जाणवतो.

टप कारखान्यात गेला की गॅरेजमध्ये?

बाजारात सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. उघडी गाडी बंद गाडीपेक्षा महाग विकली जाते, त्यामुळे बंद सलून गाडीचा टप कापून ‘कन्व्हर्टिबल’ बनवण्याचा उद्योग ब्रिटनमध्येही चालतो, आपल्याकडेही चालतो. आपल्याकडे लग्नाच्या वराती आणि फोटोशूटसाठी कापलेल्या गाड्या तर सर्रास.

टप कापलेली मायनर धोकादायक ठरू शकते. आतली मजबुती न देता टप काढला, तर डबा मधून वाकायला लागतो. ओळखायचं कसं? दाराच्या फटी बघा. वर रुंद आणि खाली अरुंद असेल, किंवा उलट असेल, तर गाडी बसली आहे. मग मागच्या चाकाजवळ जॅक लावून गाडी थोडी उचला आणि दार उघडून बंद करून पाहा. दार अडकलं किंवा कुलपाची जीभ खाचेत बसेनाशी झाली, तर तिथूनच नमस्कार करून निघा. विक्रेत्याने ही तपासणी करू द्यायला नकार दिला, तर तेही उत्तरच आहे.

दुसरी खूण चासी नंबरची. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या मायनरच्या नंबरात सुरुवातीला अक्षरं असतात. ‘एमएटी’ असेल तर टूरर म्हणजे कन्व्हर्टिबल. ‘एमए२एस’ असेल तर ती दोन दारांची सलून म्हणूनच जन्मली, मग टप कुठे गेला हे विक्रेत्याला विचारा.

हेराल्डचं गणित उलटं. टप बोल्टचा, वजन पेलायला चासी आहे, दाराखालचे उंबरेसुद्धा निव्वळ झाकायला लावलेले. त्यामुळे सलूनचा टप काढला तरी गाडी मोडून पडत नाही. पण यामुळेच नकली हेराल्ड ओळखणं अवघड जातं, कारण ती अगदी व्यवस्थित चालते! इथे नंबरच्या शेवटची अक्षरं बघायची. ब्रिटनमध्ये बनलेल्या हेराल्डच्या नंबरामागे ‘सीव्ही’ असेल तर कन्व्हर्टिबल, ‘डीएल’ असेल तर सलून. आत डोकवा. खऱ्या कन्व्हर्टिबलची मागची सीट सलूनपेक्षा अरुंद असते, कारण दोन्ही बाजूंना हुडाची घडी होणारी लोखंडी चौकट बसवायला जागा सोडलेली असते. हुडाचं कापड कुठलाही चांगला सीटकव्हरवाला शिवून देईल. ती चौकटच गायब असेल, तर गाडी कन्व्हर्टिबल नसण्याची शक्यता मोठी. असलीच, तरी नवी चौकट मिळवताना घाम फुटेल.

भारतात आणखी एक पेच आहे. मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्ड प्रामुख्याने बंद टपाच्या होत्या. म्हणजे उघडी हेराल्ड दिसली आणि नंबर प्लेटवर ‘स्टँडर्ड’ लिहिलेलं असेल, तर कापली किंवा खोलली असण्याची शंका आधी घ्या, मग खात्री करा. चासी नंबर इंग्लंडचा असेल, तर तिथल्या गेडन गावच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवता येतं. कारखान्याच्या जुन्या नोंदींमध्ये ती गाडी सापडली, तर कोणत्या प्रकारची, कोणत्या रंगाची आणि कधीची हे त्यावर येतं. पैसे लागतात, पण चुकीच्या गाडीपेक्षा खूप कमी.

आपल्या रस्त्यांवर कोण टिकेल?

नगर-पुणे हायवेवर दोघीही सकाळच्या थंड हवेत मजेत जातील. रांगेत अडकल्यावर दोघीही तापतील, त्यामुळे रेडिएटर साफ करून घेणं आलंच. खरा फरक घाटात कळतो.

अकोल्याहून भंडारदऱ्याकडे किंवा आळेफाट्यावरून माळशेजला निघालात असं समजा. मायनरची पुढची सस्पेन्शन टॉर्शन बारची, मागे साधे पाटे आणि अखंड अ‍ॅक्सल. वळणावर ती ठाम बसते. तिची अडचण ब्रेकची, चारही चाकांना ड्रम. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबलात तर ड्रम तापून ब्रेक ढिले पडतात. म्हणून उतार खालच्या गिअरमध्येच उतरायचा.

हेराल्डच्या ‘१३/६०’ला पुढे डिस्क ब्रेक मिळाले, तिथे ती पुढे आहे. पण तिच्या मागच्या चाकांना ‘स्विंग अ‍ॅक्सल’ आहे. दोन्ही चाकं डिफरन्शियलपासून पंखासारखी वरखाली होतात. वेगात वळणावर शिरलात आणि घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडलात, तर गाडीचा मागचा भाग उचलला जातो, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि गाडी मागून घसरते. हा हेराल्डचा जगप्रसिद्ध दोष. मद्रासच्या कंपनीने १९७२ मध्ये हेराल्डवरूनच ‘गॅझेल’ काढली, तेव्हा मागे साधा अखंड अ‍ॅक्सल बसवला. उपाय सोपा आहे. वळणाच्या आधीच वेग कमी करा, वळणात पाय स्थिर ठेवा. पण नव्या गाडीच्या सवयीने हेराल्ड चालवायला बसू नका.

दोघींमध्ये एक गोष्ट सारखी आहे आणि ती नीट समजून घ्या. पुढचं चाक ज्या सांध्यावर वळतं तिथे ‘ट्रनियन’ नावाचा आट्यांचा भाग असतो. तो सुका राहिला की झिजतो आणि एक दिवस चालत्या गाडीचं पुढचं चाक आडवं पडतं. मायनरच्या ट्रनियनला नियमित ग्रीस लागतं. हेराल्डच्या खालच्या ट्रनियनला मात्र ग्रीस नाही, घट्ट गिअर ऑइल लागतं, ईपी ९० ग्रेडचं. गॅरेजवाला सवयीने दोन्हीकडे ग्रीस गन लावेल. त्याला थांबवायची जबाबदारी तुमची.

गंज, सुटे भाग आणि आपल्याच उसाचं इथेनॉल

पारनेर, पाथर्डी, नगर हा पट्टा पर्जन्यछायेतला. इथे वर्षानुवर्षं गोठ्यात किंवा गोडाऊनमध्ये झाकून ठेवलेली गाडी मुंबईच्या खाऱ्या हवेतल्या गाडीपेक्षा पत्र्याने चांगली निघण्याची शक्यता जास्त. मायनरमध्ये उंबरे, पुढच्या सीटखालची आडवी पट्टी आणि मागचे पाटे जिथे अडकवतात ती जागा टोकरून बघा. तिथला गंज म्हणजे गाडीच्या हाडातला गंज. हेराल्डमध्ये चासीला बाहेर निघालेले आडवे हात सडतात. ते मात्र नागापूर एमआयडीसीतला हुशार फॅब्रिकेटरही माप घेऊन बनवून देऊ शकेल. चासी वेगळी असण्याचा हा दुसरा फायदा.

इंजिनच्या भागांची चिंता दोघींनाही कमी. मायनरचं ‘ए-सिरीज’ इंजिन मिनीसह बीएमसीच्या कितीतरी गाड्यांत होतं. हेराल्डचे भाग ट्रायम्फ स्पिटफायरशी जुळतात, कारण स्पिटफायर हेराल्डचीच चासी आखूड करून बनवली होती. ब्रिटनमध्ये दोघींचे मोठे क्लब आहेत आणि नवे बनवलेले भाग कुरिअरने येतात, फक्त कस्टम ड्युटी धरून हिशेब करा. मद्रासच्या हेराल्डचे जुने भाग मुंबईच्या चोर बाजारात नशिबाने हाती लागतात. आणि हो, इंची पान्यांचा सेट आधी घ्या. मिलिमीटरचा पाना लावून बोल्टचे कोपरे गोल करणारे फिटर आपल्याकडे कमी नाहीत.

मायनरच्या वायरिंगमध्ये बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते. सुरुवातीच्या हेराल्डमध्येही तसंच. आत्ताच्या गाड्यांच्या उलट. मोबाइल चार्जर किंवा म्युझिक सिस्टिम सरळ जोडली की धूर.

पेट्रोलचंही बघा. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. हे इथेनॉल आपल्या जिल्ह्यातले साखर कारखानेही बनवतात, शेतकऱ्याला त्याचा आधार आहे. पण १९६० च्या दशकातले रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचे पडदे त्याने मऊ होऊन फाटतात. गरम इंजिनवर पेट्रोल गळलं तर काय होतं ते सांगायला नको. इथेनॉल झेलणारे नवे पाइप आधी टाका, पेंटिंग नंतर करा.

कागद कसे असावेत?

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात ठेवलेली आणि मोठे फेरफार न केलेली गाडी यात बसते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पुन्हा नोंदणीला ५ हजार, मुदत १० वर्षं. नवी नोंदणी असेल तर नंबरमध्ये राज्याच्या ‘एमएच’नंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, म्हणजे आजोबांच्या गाडीची जुनी पाटी जाणार नाही.

पण दोन अटी विसरू नका. या नोंदणीवर गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, भाड्याने लग्नाला देता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. आणि ‘मूळ रूपात’ हा शब्द पुन्हा वाचा. टप कापलेली सलून या व्याख्येत बसवताना अडचण येणार हे उघड आहे. आरसी बुकवर ‘सलून’ आणि समोर उघडी गाडी असेल, तर आरटीओत आणि इन्शुरन्सच्या क्लेमवेळी दोन्हीकडे प्रश्न विचारले जातील.

मग घ्यायची कुठली?

माझं मत सरळ आहे. ‘एमएटी’ नंबरची, सरळ दारांची, कोरडी मायनर सापडली आणि किंमत झेपली तर ती घ्या. अशा गाड्या भारतात फार थोड्या हाती लागतात. पण नंबर जुळत नसेल तर मायनरच्या वाटेला जाऊ नका, ती कितीही गोड दिसली तरी.

पहिलीच जुनी गाडी घेताय, गॅरेज घराजवळचंच आहे आणि दर रविवारी पोरांना मागे बसवून फिरायचंय, तर हेराल्ड. शक्य झाल्यास ११४७ किंवा १२९६ सीसीची. समजा ती मद्रासची, बंद टपाची निघाली, तरी नाराज होऊन टप खोलू नका. तशीच ठेवा. मूळ रूपातल्या स्टँडर्ड हेराल्डही आता कमी होत चालल्यात.

बघायला जाताना एक जॅक, टॉर्च, लोहचुंबक आणि टोकदार स्क्रू ड्रायव्हर बरोबर न्या. लोहचुंबक जिथे पत्र्याला चिकटणार नाही, तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे.